ओव्हनच्या वरच्या कॉइलखाली मासा पाणी सोडतो, पांढरा राहतो, चिकटतो: कारणे आणि उपाय

पांढऱ्या मांसाचा मासा, मीठ, मिरी, थोडा लसूण, चमचाभर तूप आणि ओव्हनच्या वरच्या कॉइलखाली दहाएक मिनिटे. रात्रीच्या जेवणाचा याहून सुटसुटीत बेत सापडणे कठीण, आणि तरीही ज्या घरांत तो केला जातो तेथील तक्रार बहुधा एकाच प्रकारची असते. ट्रेमध्ये दुधाळ पाणी साठते, त्या पाण्यात मासा उकडला जातो, वरून रंग येत नाही, रंग यावा म्हणून आणखी पाच मिनिटे ठेवला तर आतून कोरडा आणि चिवट होतो, आणि अखेरीस वाढताना निम्मा तुकडा ट्रेलाच धरून बसतो. पुढच्या वेळी तापमान वाढवले जाते, त्याच्या पुढच्या वेळी मसाला बदलला जातो, मग मासळीवालीही बदलली जाते. ताटात मात्र तोच फिकट, ओलसर तुकडा येतो.

कोल्हापुरातील पुष्कळ घरांत ओटीजी, म्हणजे वर-खाली कॉइल असलेला विजेचा लहान ओव्हन, आला तो केक आणि नानकटाईसाठी, आणि मासे मात्र पिढ्यान्‌पिढ्या तव्यावरच तळले गेले. मटणाविषयी या शहरात कोणाला काही शिकवायला जाऊ नये, पण मासा आपल्याकडे घाट चढून येतो, आणि त्याला हाताळण्याच्या आपल्या सवयी सगळ्या तव्याच्या सवयी आहेत. मासा धुवायचा, मीठ-हळद-लिंबू चोळून अर्धा तास बाजूला ठेवायचा, चटणी लावायची, रव्यात घोळवायचा आणि गरम तेलात सोडायचा, हा क्रम तव्यावर उत्तम चालतो. तोच क्रम कॉइलखाली नेला की बिघडतो, आणि बिघडण्याचे मूळ जवळजवळ प्रत्येक वेळी माशाच्या पृष्ठभागावरचे पाणी हेच असते.

याचे कारण नीट समजून घेतले तर पुढचे उपाय वेगळे पाठ करावे लागत नाहीत. तव्यावर रवा ते पाणी शोषून घेतो, तापलेले तेल तुकड्याच्या संपूर्ण खालच्या बाजूला भिडते आणि उरलेले पाणी चरचरत काही क्षणांत उडवून लावते. कॉइलखाली यातले काहीच घडत नाही. तेथे उष्णता वरून किरणांच्या रूपाने येते आणि फक्त वरच्या पृष्ठभागावर पडते. पृष्ठभाग ओला असेतोवर त्याचे तापमान 100 अंश सेल्सिअसच्या फारसे पुढे सरकत नाही, आणि खरपूस रंग व वास ज्या प्रक्रियेतून येतो ती जोमाने सुरू व्हायला साधारण 140 अंशांच्या पुढे जावे लागते. एक ग्रॅम पाण्याची वाफ करायला सुमारे 540 कॅलरी उष्णता खर्ची पडते. चार तुकड्यांवर आणि ट्रेमध्ये मिळून दोन मोठे चमचे, म्हणजे अंदाजे 30 ग्रॅम पाणी असेल, आणि वरची कॉइल 800 वॅटची असेल, तर तिची सगळीच्या सगळी उष्णता त्या पाण्यालाच मिळाली तरी ते उडायला जवळजवळ दीड मिनिट लागेल. प्रत्यक्षात निम्मी उष्णता भिंतींना आणि हवेला जाते, म्हणून तीन मिनिटे धरावीत. माशाच्या स्नायूंतील प्रथिने 40 ते 60 अंशांच्या दरम्यानच घट्ट होऊन जातात. म्हणजे वर पाणी उडण्याची वाट पाहत असताना आतला मासा शिजून पुढे गेलेला असतो, आणि तो आकसताना स्वतःचे आणखी पाणी बाहेर टाकतो, जे पुन्हा उडवावे लागते. हे चक्र तापमानाचा आकडा वाढवून तुटत नाही, कारण अडचण उष्णतेच्या आकड्यात नसून ती खर्ची कुठे पडते यात आहे.

आधी ओव्हन तपासावा

मासा आणण्यापूर्वी एकदा रिकामा ओव्हन लावून समोर उभे राहावे. खटका फक्त वरच्या कॉइलवर, तापमान 180 अंशांवर ठेवले तर काही मिनिटांनी ‘टक्’ असा बारीक आवाज होऊन लाल कॉइल काळी पडलेली दिसेल. आतली हवा ठरवलेल्या अंशांवर पोहोचली की थर्मोस्टॅट वीज तोडतो. केकसाठी ही सोय योग्यच आहे, पण आपल्याला हवी आहे ती कॉइलची थेट धग, आणि काळ्या पडलेल्या कॉइलखाली मासा केवळ गरम हवेत बसून राहतो. घरोघरी मासा पांढरा राहण्याचे, पाण्याच्या खालोखाल, हे सर्वांत मोठे कारण असावे असे माझे मत आहे, आणि ते लक्षात येत नाही, कारण मासा आत ठेवल्यावर आपण दार लावून भाताकडे वळतो.

उपाय असा की तापमानाचे बटण शेवटच्या आकड्यावर, म्हणजे बहुतेक ओटीजींमध्ये 250 वर, न्यावे. आधी वरची आणि खालची अशा दोन्ही कॉइल लावून, रिकामा ट्रे आतच ठेवून, ओव्हन दहा ते पंधरा मिनिटे पुरता तापू द्यावा, आणि मासा ठेवताना खटका फक्त वरच्या कॉइलवर आणावा. तरीही कॉइल मधेच विझत असेल तर दार बोटभर उघडे ठेवल्याने आतली हवा थोडी निवते आणि कॉइल लाल राहते. मात्र काही कंपन्यांच्या माहितीपुस्तिकेत ग्रिल करताना दार बंदच ठेवा असे स्पष्ट लिहिलेले असते, कारण बाहेर येणाऱ्या वाफेने बटणे तापतात. आपल्या पुस्तिकेत जे लिहिले असेल तेच पाळावे. ओव्हनमध्ये पंखा असेल तर तो लावावा, वाफ पृष्ठभागावरून सरकवण्यास त्याची मदत होते.

विजेच्या दाबाची बाबही येथेच सांगितली पाहिजे, विशेषतः शहराबाहेरच्या वाचकांसाठी. कॉइलची धग व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे 230 ऐवजी 200 व्होल्ट मिळत असतील तर 800 वॅटची कॉइल जेमतेम 605 वॅट देते, म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा धग गेली. शेतीपंप चालू असताना किंवा उन्हाळ्याच्या संध्याकाळी सगळीकडे कूलर आणि एसी सुरू झाल्यावर दिवे मंद होतात, हे करवीर-कागलकडच्या गावांत कोणालाही ठाऊक आहे. दुपारी उत्तम झालेला मासा रात्री आठला त्याच कृतीने फसत असेल तर मसाल्याला दोष देण्याआधी घरातल्या दिव्यांकडे पाहावे, आणि अशा वेळी ट्रे एक खाच वर घेऊन दोन मिनिटे वाढवावीत. ओव्हन 16 अँपिअरच्या पॉवर प्लगवरच लावावा. टीव्हीसाठी आणलेल्या पातळ एक्स्टेन्शनवर तो चालवला तर वायर तापते आणि दाब आणखी पडतो, शिवाय ते धोक्याचे आहे.

मायक्रोवेव्हमधल्या ग्रिलबाबत थोडक्यात सांगायचे तर ते चालते, पण ट्रे उंच जाळीवर ठेवल्याशिवाय आणि ग्रिल आधी तापवल्याशिवाय रंगाची अपेक्षा धरू नये. मायक्रोवेव्ह आणि ग्रिल एकत्र चालवण्याचा पर्याय माशासाठी टाळावा, कारण मायक्रोवेव्ह आतून पाणी बाहेर ढकलतात आणि आपण नेमके तेच टाळू पाहत आहोत.

मासा कोणता आणि कसा कापलेला

आपल्याकडे ताजी समुद्री मासळी रत्नागिरीहून आंबा घाटाने आणि देवगड-मालवणाकडून फोंडा किंवा गगनबावड्याच्या वाटेने बर्फात येते. बर्फ वितळत राहतो, मासा त्या पाण्यात असतो, मासळीवाली वर पाणी शिंपडत असते, आणि घरी आल्यावर आपण तो आणखी तीनदा धुतो. यातले धुणे आवश्यक आहे, भिजत ठेवणे नाही. वाहत्या पाण्याखाली झटपट धुऊन लगेच चाळणीत उभा करावा; हळदीच्या पाण्यात बुडवून ठेवलेल्या माशाला कॉइलखाली न्यायचे म्हणजे त्या पाण्याची वाफ विजेच्या बिलावर करायची.

रावस, जिताडा, घोळ, हलवा आणि पापलेट हे कॉइलखाली चांगले होतात. सुरमईचे मांस तितके पांढरे नसते, पण जाड तुकडी असेल तर तीही चालते. नदी-तलावातल्या माशांपैकी मरळ मला सर्वांत योग्य वाटते, कारण तिचे मांस घट्ट आणि मधल्या काट्यांचा त्रास कमी. चिलापीचे काप बारीक असतात, पण जपून केले तर तेही होतात. रोहू आणि कटला यांच्या मांसात बारीक दुशाखी काटे असतात, ते रश्श्यातच बरे. ओला बोंबील येथे आणूच नये. त्याच्यात पाण्याचे प्रमाण इतके असते की वजनाखाली दाबूनही तो ट्रेमध्ये विरघळल्यासारखा पसरतो, आणि रव्यात घोळवून तळण्यात त्याचे जे सोने होते ते दुसऱ्या कशातच होत नाही.

जून आणि जुलै या दोन महिन्यांत किनाऱ्यावर यांत्रिक बोटींच्या मासेमारीला बंदी असते, तेव्हा शहरात शीतपेटीतल्या पाकिटांवर, त्यातही बासा नावाच्या पांढऱ्या माशाच्या गोठवलेल्या कापांवर, भर येतो, आणि पाणी सुटण्याच्या तक्रारीही त्याच काळात वाढतात. हा योगायोग नाही. गोठवलेल्या तुकड्यांवर सुकू नयेत म्हणून बर्फाचा पातळ थर चढवलेला असतो, आणि बासाच्या कापांना पाणी धरून ठेवणारे फॉस्फेटयुक्त द्रावण दिलेले असणे सर्रास आढळते. असा काप उष्णता लागताच ते पाणी सोडतो आणि तरीही आतून लवलवीत राहतो, त्यामुळे तो शिजला की नाही हेच कळत नाही. पाकिटावरचे घटक वाचावेत, त्यात फॉस्फेट किंवा ई 451 यांसारखा क्रमांक असेल तर दुसरे पाकीट घ्यावे. पर्याय नसेल तर पुढे सांगितल्याप्रमाणे दाबून पाणी काढावे आणि मीठ निम्मेच घालावे, कारण अशा कापात मीठ बहुधा आधीच असते. गोठवलेला मासा आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, जाळीवर किंवा चाळणीत ठेवून उतरवावा, म्हणजे सुटलेले पाणी खाली निथळते. गरम पाण्यात टाकून घाईने उतरवलेला मासा बाहेरून अर्धवट शिजतो, आतून गोठलेला राहतो आणि ओव्हनमध्ये तिप्पट पाणी सोडतो.

कापाची जाडी हा मुद्दा लोक फार हलक्यात घेतात. तळण्यासाठी आपल्याकडे अर्ध्या बोटाच्या, म्हणजे सेंटिमीटरभर जाडीच्या तुकड्या करून घेण्याची रीत आहे, आणि त्या जाडीला तवाच योग्य आहे. कॉइलखाली ती तुकडी वर रंग यायच्या आत तळापर्यंत शिजून कोरडी होते. मासळीवाल्या मावशींना दोन ते अडीच सेंटिमीटर जाडीचे काप मागावेत. “एवढं जाड? आतनं कच्चं ऱ्हाईल की वो!” असा प्रश्न हमखास येतो, आणि तव्याच्या हिशेबाने तो बरोबरच आहे, पण आग्रह सोडू नये. सगळे काप एकाच जाडीचे असावेत. शेपटीकडचा पातळ भाग असेल तर त्याचे टोक खाली दुमडून त्याला जाडी द्यावी, नाहीतर मधला भाग होईपर्यंत शेपटी वाळून जाते.

कोरडा करणे

ही पायरी सांगायला किरकोळ आणि परिणामाने सर्वांत मोठी आहे. धुऊन निथळलेले काप जुन्या, मऊ, स्वच्छ पंचाच्या घडीवर ठेवावेत, वर दुसरी घडी टाकावी आणि तळहाताने सावकाश दाबावे. पहिल्यांदा कापड गच्च ओले होते, ते बदलावे. दुसऱ्यांदा फक्त डाग पडतात. तिसऱ्यांदा कापड उचलताना ते माशाला किंचित चिकटते आणि सुटताना बारीकसा आवाज येतो. पृष्ठभागाची चमक गेलेली असते आणि बोट फिरवले तर ते सरकत नाही, अडते. एवढा कोरडा मासा आपल्याला हवा आहे. वेळ असेल तर असेच काप जाळीवर, न झाकता, फ्रीजमध्ये तासभर ठेवावेत. फ्रीजमधली कोरडी हवा उरलेले काम करते. त्या तासात दूध आणि लोणी घट्ट झाकून ठेवावे, म्हणजे घरात दुसरा वाद उद्भवणार नाही. बासाचा काप असेल तर दोन घड्यांमध्ये ठेवून वर पोळपाट आणि त्यावर पाण्याने भरलेले पातेले ठेवून वीस मिनिटे दाबावा. ओल्या बोंबलाचे पाणी काढण्याची कोकणातली रीत हीच आहे, आणि ती येथे नेमकी उपयोगी पडते.

मीठ आणि लिंबू यांविषयीची सवय मात्र बदलावी लागते. मीठ चोळून अर्धा तास ठेवले की ते आतले पाणी पृष्ठभागावर ओढून आणते, आणि आपण कष्टाने टिपलेला मासा पुन्हा ओला होतो. यावर दोन मार्ग आहेत. एक तर ट्रेमध्ये ठेवण्याच्या अगदी आधी, शेवटच्या मिनिटाला मीठ लावावे. किंवा मग उलट करावे: एक लिटर थंड पाण्यात 50 ग्रॅम मीठ विरघळवून त्यात काप दहा-पंधरा मिनिटे बुडवावेत, काढून नीट टिपावेत आणि वरून मीठ घालूच नये. दुसऱ्या मार्गाने मीठ आतपर्यंत पोहोचते, मांस शिजताना कमी पाणी सोडते आणि वर जे पांढरे गोळे जमतात तेही घटतात. जाड रावसासाठी मी हाच मार्ग सुचवीन. मिठाच्या पाण्यात बुडवल्याने मासा ओला होतो हे खरे, पण ते पाणी फडक्याने निघते, तर मिठाने आतून ओढलेले पाणी येतच राहते.

लिंबाच्या आंबटपणाने माशाची वरची प्रथिने आगीशिवायच घट्ट होऊन पांढरी पडतात. अर्धा तास लिंबात ठेवलेल्या कापाचा पृष्ठभाग खडूसारखा भुरभुरीत होतो आणि त्याला रंग धरत नाही. लिंबू ताटात पिळावे. उग्र वास जावा म्हणून ते आधी लावतो, असे सांगितले जाते, परंतु ताज्या माशाला तसा वास नसतो, आणि ज्याला असतो तो लिंबाने खाण्याजोगा होत नाही.

कांदा-लसूण चटणीचा प्रश्न

कोल्हापुरी घरात मासा आणि चटणी यांची ताटातूट करा असे सांगण्याचे धाडस मी करणार नाही, तरी चटणी केव्हा लावायची याचा विचार करावाच लागतो. आपल्या चटणीत भाजलेला कांदा, लसूण, सुके खोबरे आणि तीळ असतात. म्हणजे साखर, स्निग्धांश आणि आधीच एकदा भाजून झालेले बारीक कण. लाल कॉइलपासून चार बोटांवर हे मिश्रण दोन-तीन मिनिटांत काळे पडते, मिरचीचा ठसका घरभर पसरतो, शेजारच्या फ्लॅटमधूनही खोकल्याचा आवाज येतो, आणि काळे झाले म्हणून मासा बाहेर काढला तर आत कच्चा निघतो. तेव्हा वर जळका आणि आत कच्चा अशी तक्रार असेल तर बहुतेक वेळा दोष अंतराचा नसून चटणीचा असतो.

मासा प्रथम नुसत्या तुपावर, चिमूटभर हळद आणि मिरीपूड घालून भाजावा. दोन चमचे तूप कोमट करून त्यात चमचाभर चटणी कालवून ठेवावी, आणि मासा जवळजवळ झाला की बाहेर काढून ती ब्रशने किंवा चमच्याच्या पाठीने वर पसरावी आणि फक्त पाऊण ते एक मिनिट पुन्हा कॉइलखाली धरावे. तूप तडतडते, चटणीचा रंग गडद विटकरी होतो, कडेला तेलाचे लाल बुडबुडे दिसतात. त्या क्षणी काढावे. वाटलेला ओला लसूणही असाच शेवटी लावावा, आधी लावलेला कडवट होतो. आले-लसूण-कोथिंबिरीचे हिरवे वाटण सुरुवातीपासून थापण्याचा मोह टाळावा, कारण ते मुळात पाणीच आहे.

तूप कशाला, तेल का नाही, असे विचारले जाईल. रिफाइंड शेंगतेल उत्तम चालते. घाण्याचे गोडेतेल चवीला चांगले असले तरी कॉइलखाली लवकर धुरावते, आणि लोण्यातील दुधाचे अंश जळून काळे ठिपके पडतात. साजूक तुपात ते अंश आधीच काढलेले असतात, म्हणून ते जास्त ताप सोसते. कोरड्या केलेल्या कापाला सर्व बाजूंनी तुपाचा पातळ हात द्यावा. साचेल इतके घालू नये.

अंतर, वेळ आणि झाल्याची खूण

दोन ते अडीच सेंटिमीटर जाडीच्या कापाचा वरचा पृष्ठभाग कॉइलपासून आठ ते दहा सेंटिमीटर, म्हणजे साधारण चार-पाच बोटे, खाली असावा. दीड सेंटिमीटरचा पातळ काप असेल तर त्याला जवळ, सहा-सात सेंटिमीटरवर, घ्यावे. येथे अनेकांचा उलटा समज असतो. पातळ तुकडा नाजूक म्हणून तो दूर ठेवला जातो, पण पातळ तुकड्याकडे वेळच कमी असतो, तेवढ्यात रंग यायचा तर धग तीव्रच हवी. जाड काप जवळ ठेवला तर तो वरून जळतो. अंतर मोजताना ट्रेच्या तळापासून नव्हे, माशाच्या माथ्यापासून मोजावे. पुष्कळ ओटीजींमध्ये ट्रे सगळ्यांत वरच्या खाचेत घातला की अंतर फार कमी उरते आणि मधल्या खाचेत फार जास्त. अशा वेळी मधल्या खाचेत जाळी ठेवून तिच्यावर उपडी ताटली आणि तिच्यावर ट्रे ठेवला तर मधले अंतर साधते. ताटली स्टीलची असावी.

वेळेचा जुना ठोकताळा असा की एक इंच जाडीला साधारण दहा मिनिटे. तापलेल्या ट्रेवर ठेवलेल्या कापाला आठ मिनिटांनंतर पाहायला सुरुवात करावी, पातळ कापाला पाचव्या मिनिटापासून. उलटण्याची गरज नसते, कारण खालची बाजू ट्रेच्या उष्णतेने होते. उलटण्यात काप मोडण्याखेरीज काही साधत नाही.

पाहताना काय दिसते ते सांगतो. पहिल्या दोन मिनिटांत तूप पसरून पृष्ठभाग चमकतो आणि कडा पारदर्शकपणा सोडून पांढऱ्या होऊ लागतात. मग ती पांढरी रेघ बाजूने वर चढत जाते. वर लहान बुडबुडे येतात, ते फुटून सुकतात, आणि त्यानंतरच उंचवट्यांवर आधी फिकट पिवळे, मग बदामी डाग उमटतात. याउलट बुडबुडे सुकायचेच थांबत नसतील आणि कापाभोवती पाणी साठत असेल, तर वाट पाहू नये. ट्रे बाहेर काढावा, एका कोपऱ्याकडे कलवून पाणी ओतून टाकावे, उरलेले कागदी नॅपकिनने टिपावे, वर थोडे तूप लावून ट्रे एक खाच वर घेऊन पुन्हा आत सरकवावा. अर्ध्यावर फसलेला मासा असा बहुधा वाचतो. कापाच्या बाजूंनी दह्यासारखे पांढरे गोळे बाहेर येऊ लागले तर ते आतली प्रथिने आहेत, खराबीचे लक्षण नव्हे. मात्र मासा हद्द ओलांडत असल्याची ती सूचना आहे आणि रंग आला असो वा नसो, तेथे थांबावे.

शिजल्याची खात्री करण्यासाठी सर्वांत जाड जागी सुरीचे टोक घालून किंचित वळवावे. मांस पाकळ्यांनी सुटले, मध्यभागी काचेसारखी झाक उरली नाही आणि तरी ते ओलसर दिसले, तर झाले. थर्मामीटर असेल तर मध्यभागी 63 अंश हा सुरक्षित आकडा आहे. 60 वर काढून दोन मिनिटे ट्रेवरच ठेवला तर उरलेल्या उष्णतेने तो तेथे पोहोचतो. लहान मुले, गरोदर स्त्रिया किंवा वयस्कर माणसे जेवायला असतील तर ओव्हनमध्येच 63 होऊ द्यावे.

चिकटणे, धूर आणि भांडी

मासा चिकटतो तो थंड ट्रेला. कच्च्या माशाची प्रथिने धातूवर बसून हळूहळू तापली की त्याला धरून ठेवतात, आणि मध्ये पाणी असेल तर त्वचेतून सुटलेला चिकट अंश गोंदाचे काम करतो. ट्रे ओव्हनबरोबरच तापवून, बाहेर काढून, त्यावर तेलाचा हात फिरवून लगेच काप ठेवला की ‘चर्र’ असा आवाज झाला पाहिजे. तो झाला नाही तर ट्रे पुन्हा आत ठेवावा. काप ट्रेवर टेकवल्यावर हलवू नये, आणि झाल्यावरही दोन मिनिटे थांबून मगच पातळ उलथने खाली सरकवावे.

अ‍ॅल्युमिनियम फॉइल अंथरायला हरकत नाही, फक्त तीही ट्रेबरोबर तापलेली आणि तेल लावलेली असावी, आणि लिंबू किंवा चिंच लावलेला मासा तिच्यावर थेट ठेवू नये, कारण आंबट आणि खारट यांमुळे फॉइलला छिद्रे पडतात. मासा फॉइलमध्ये गुंडाळून कॉइलखाली ठेवणे हे तर वाफवणे झाले. त्यात रंगाची अपेक्षा करू नये. बेकिंगचा कागद लाल कॉइलच्या इतक्या जवळ वापरूच नये, कडा पेट घेतात. काचेचे भांडे, ओव्हनचे म्हणून घेतलेले असले तरी, ग्रिलच्या थेट धगीखाली किंवा तापल्यावर थंड मासा ठेवण्यासाठी वापरू नये, ते तडकते. साधा अ‍ॅल्युमिनियमचा किंवा काळा एनॅमलचा ट्रे, अथवा बिडाचा लहान तवा ओव्हनमध्ये मावत असेल तर तो, हे सर्वांत चांगले.

धूर होतो तो बहुतेकदा आधीच्या वेळी कॉइलवर उडालेल्या तुपाचा. थंड झाल्यावर, प्लग काढून, ओलसर फडक्याने भिंती पुसाव्यात, कॉइल घासू नये.

अख्खे पापलेट

अख्ख्या पापलेटासाठी थोडा फरक आहे. पोट साफ केल्यावर आतली पोकळी टिपायला लोक विसरतात, आणि ट्रेमधले निम्मे पाणी तेथूनच येते. फडक्याचे टोक आत घालून ती कोरडी करावी. दोन्ही बाजूंना काट्यापर्यंत तिरक्या चिरा द्याव्यात, त्यांमुळे वाफेला वाट मिळते आणि त्वचा आकसून मासा वाकडा होत नाही. पापलेट मात्र एकदा उलटावे लागते, कारण मधला काटा उष्णता खालपर्यंत लवकर जाऊ देत नाही. मध्यम आकाराच्या पापलेटाला पहिल्या बाजूने सहा-सात मिनिटे आणि दुसऱ्या बाजूने चार-पाच मिनिटे पुरतात. उलटताना दोन उलथनी घ्यावीत आणि ज्या बाजूला चांगला रंग हवा ती बाजू दुसऱ्यांदा वर येईल असे पाहावे, कारण ताटात तीच वर दिसते. डोक्यामागच्या जाड भागात सुरी घालून पाहावे. तेथे मांस काट्यापासून सहज सुटत असेल आणि काट्यालगत लाली नसेल तर मासा झाला. भाकरी आणि भात त्याआधी तयार असावेत, कारण असा मासा निवत ठेवला की त्याची वरची कड दहा मिनिटांत मऊ पडते, आणि पुन्हा गरम करायला ओव्हनमध्ये घातला तर तो वाळतो.